भुशीचा हौद

पावसाळ्यांत लोणावळ्यास जाऊन भुशीच्या धरणाच्या पायऱ्यांवर भिजला नाहीं, असा पुणेकर अथवा मुंबईकर आमच्या वाचकांत क्वचितच निघेल. जी आगगाडी १८६३ सालीं भोरघाट चढून वर आली, तिच्याच ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीनें आपल्या वाफेच्या इंजिनांस पाणी हवें म्हणून इंद्रायणीवर हें धरण बांधविलें. इंजिनें गेलीं, पाणी राहिलें. त्याच भुशीच्या अंगास आमच्या कुटुंबाचा एक जुना बंगला आहे. आणि बंगल्याच्या मागें आमच्या धाकट्या बंधूंनीं मोठ्या हौसेनें बांधविलेला एक पोहण्याचा तलाव आहे. घरांत त्याला तलाव कोणी म्हणत नाहीं. आमच्या काकूंनीं पहिल्या दिवशीं त्याला 'हौद' म्हटलें, तेंच नांव कायम झालें. या हौदाचें पाणी स्वच्छ राखण्याची विद्या आम्हीं फार उशिरां संपादन केली, आणि त्या उशिरापायीं एका माणसाचा जीव जातां जातां वांचला. म्हणून हें लिहावयास बसलों आहों.

हौद बांधला तेव्हां ती निव्वळ थाटाची वस्तु होती, हें कबूल केलें पाहिजे. ज्या गांवीं आभाळ वर्षास सुमारें चार हजार मिलिमीटर पाणी ओततें, तेथें पाण्याचा खड्डा विकत घेण्यांत कसलें शहाणपण, असें काकू विचारीत आणि आमच्यापाशीं उत्तर नसे. तें उत्तर फार भयंकर रीतीनें मिळालें. ३० जून २०२४ रोजीं भुशीच्या धरणाच्या वरच्या अंगास असलेल्या धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच माणसें, त्यांत लहान मुलें, एकमेकांना धरून उभीं असतां लोकांच्या डोळ्यांदेखत वाहून गेलीं. तें दृश्य साऱ्या महाराष्ट्रानें पाहिलें. आम्हीहि पाहिलें, आणि त्या रात्रीं आमच्या घरीं कोणाला अन्न गोड लागलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं काकूंनींच निकाल दिला: "मुलांनीं धरणाकडे फिरकायचें नाहीं. पोहायचें तें आपल्या हौदांत. पण पोहतां प्रत्येकाला आलेंच पाहिजे." चुलत भावंडें धरून घरांत अकरा मुलें आहेत. त्या दिवसापासून हौद ही चैन राहिली नाहीं, शाळा झाली.

आणि या शाळेला नेमकी दिवाळींत कुलूप लावण्याची पाळी येई. दिवाळीस आम्ही सारे भुशीस जमतों. मे महिन्यांत हौदाचें पाणी कांचेसारखें असे. पावसाळ्यांत पोहणें बंद असलें तरी पाणी फारसें बिघडत नसे. परंतु पाऊस ओसरला, आकाश निवळलें, डोंगरावरची सोनकी वाळूं लागली कीं चार दिवसांच्या आंत हौद पालकाच्या पातळ भाजीसारखा दिसूं लागे. देखभालीचें कंत्राट ज्यांच्याकडे होतें ते दूरध्वनीवरून सांगत, "आणखी पावडर टाका." बंगल्याची राखण करणारे एक मावळे गृहस्थ आहेत, त्यांस मुलें 'मामा' म्हणतात; ते बिचारे टाकीत. सकाळीं टाकलेलें औषध दुपारपर्यंत कोठें जाई तें कळत नसे. "अण्णा, पावडर टाकतोय, पर पाणी कायी ऐकंना," असें ते आम्हांस म्हणाले तेव्हां आम्हीं मान डोलावली आणि फराळाकडे वळलों, हें आज लिहितांना हात अडखळतो.

२०२४ च्या दिवाळींत, वसुबारसेच्या दिवशीं, कंत्राटदाराच्या माणसानें दूरध्वनीवर एवढेंच सांगितलें: "पावडर पण टाका आणि ॲसिड पण टाका." निरनिराळीं, निरनिराळ्या वेळीं, हें त्यानें सांगितलें नाहीं. पंपाची खोली जमिनीखालीं आहे. पांच पायऱ्या उतरून जावें लागतें. मामांनीं तेथें एका बादलींत ब्लीचिंग पावडर कालवून ती हौदांत ओतली, आणि तीच बादली न विसळतां तींत ॲसिड ओतलें. तळाशीं जो गाळ उरला होता तेवढा पुरला. पिवळसर हिरवा धूर उसळला. क्लोरिन वायु हवेच्या सुमारें अडीचपट जड. तो वर निघून जात नाहीं, खड्ड्यांत साठतो. मामा तिसऱ्या पायरीवर कोसळले. आमच्या पुतण्यानें नाकाला ओला टॉवेल लावून त्यांस ओढून बाहेर काढलें. तोहि मूर्खपणाच होता, असें नंतर डॉक्टरांनीं त्यास सांगितलें. परंतु तो मूर्खपणा झाला नसता तर काय झालें असतें याचा विचार आम्ही करीत नाहीं. इस्पितळांत दोन दिवस प्राणवायूवर ठेवावें लागलें, कारण हा वायु छातींत गेल्यावर कित्येक तासांनीं सुद्धां फुप्फुसांत पाणी भरूं शकतें. शुद्धीवर असलेला तो माणूस आम्हांस पाहून प्रथम काय म्हणाला? "अण्णा, बादली तीच व्हती. माझंच चुकलं."

काकू शेजारीं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्यानें कशाला माफी मागायची?" आणि आमच्याकडे पाहिलें. डब्यांवर सारी सूचना छापलेली होती. ती इंग्रजींत होती. घरांत पदवीधर नऊ आहेत. त्यांपैकीं एकानेंहि ती कधीं वाचली नव्हती.

कंत्राट आम्हीं बंद केलें. पुढचे कित्येक महिने पुतण्या (तो रसायनशास्त्र शिकतो) आणि आम्ही मिळून ही विद्या शिकत बसलों. क्लोरिन हा पदार्थ शीले या स्वीडिश औषधविक्रेत्यानें १७७४ सालीं प्रथम तयार केला आणि डेव्ही यांनीं १८१० सालीं त्यास मूलद्रव्य म्हणून ओळखून नांव दिलें. त्याच्यामुळें अमेरिकेंतील जर्सी सिटी शहराचें पाणी १९०८ पासून नित्य निर्जंतुक होऊं लागलें. आणि सातच वर्षांनीं, २२ एप्रिल १९१५ रोजीं, ईप्र येथें जर्मनांनीं तोच वायु नळकांड्यांतून शत्रूच्या खंदकांवर सोडला. खंदक म्हणजे तरी काय, आमच्या पंपाच्या खोलीसारखे खड्डेच. काकूंना मात्र क्लोरिनची ओळख निराळीच. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत फुटलें तेव्हां त्या लहान होत्या. पूर ओसरल्यावर माहेरच्या वाड्यांतील विहिरींत पांढरी पावडर ओतली गेली, आणि कित्येक दिवस चहालासुद्धां तिचा वास येत होता, तो त्यांना अजून आठवतो. वडीलधारीं माणसें त्या पाण्याला नांवें ठेवीत आणि तेंच पीत.

शिकण्याचा आरंभ फजितीनें झाला. औषधाचें प्रमाण ठरवावयाचें तर हौदांत पाणी किती हें ठाऊक पाहिजे. कंत्राटदाराच्या बिलांवर 'एक लाख लिटर' असें छापलेलें असे. पुतण्यानें टेप लावून पाहिली: लांबी १० मीटर, रुंदी ५, खोली एका टोकास ९० सेंटिमीटर व दुसऱ्या टोकास दीड मीटर. म्हणजे ६० हजार लिटर. आजवर प्रत्येक औषध आम्ही दीडपटीहून अधिक विकत घेत होतों, आणि तरी पाणी हिरवें.

मग चांचणी. पूर्वीं मामांजवळ जी बाटली होती तिच्या थेंबांनीं पाणी पिवळें होई आणि पिवळें झालें कीं क्लोरिन आहे असें ते समजत. पण क्लोरिन दोन प्रकारचा असतो, मोकळा आणि गुंतलेला. घाम, तेल, मूत्र यांच्याशीं जो गुंतला तो जवळजवळ निकामी. तरीहि पिवळ्या चांचणींत तो मोकळ्यांत मिसळून मोजला जातो. तलावावर जो उग्र 'क्लोरिनचा वास' येतो आणि मुलांचे डोळे लाल होतात, तें बहुधा या गुंतलेल्याचें काम. आम्ही समजत होतों कीं औषध जास्त झालें, आणि दोन दिवस तें बंद ठेवीत होतों! वास्तविक त्या वेळीं तें अधिक घालून गुंता जाळून टाकावयास हवा होता. दोन्ही प्रकार निरनिराळे दाखविणारी गुलाबी रंगाची चांचणी हल्लीं सहज मिळते. तिचीहि एक गंमत आहे. क्लोरिन बेसुमार झाला तर तो त्या गुलाबी रंगालाच धुऊन टाकतो आणि पाणी पांढरें राहतें. आमच्या पुतण्यानें एकदां पांढरें पाहून 'क्लोरिन मुळींच नाहीं' असें ठरविलें आणि आणखी ओतला. दुसऱ्या दिवशीं धाकटीचा निळा पोहण्याचा पोशाख राखाडी होऊन वर आला, तेव्हां रसायनशास्त्राचा ताठा थोडा उतरला.

आणि दिवाळीच्या पाण्याला हात लावतांच आम्हांस आमच्याच एका जुन्या चालीचा पत्ता लागला. नरकचतुर्दशीच्या पहाटे अकराहि मुलें अंगभर तेल आणि उटणें चोपडून न्हाणीघरांत जात, दोन तांबे घेऊन सुटत आणि थेट हौदांत उड्या टाकीत. सारें तेल हौदांत! क्लोरिन जंतूंकडे जाण्यापूर्वीं त्या तेलाशींच झुंजत बसे. आतां ऊन पाण्यानें साबण लावून तेल निघाल्याशिवाय हौदाकडे जावयाचें नाहीं असा दंडक आहे, आणि तो काकू न्हाणीघराच्या दाराशीं पाट टाकून स्वतः पाळवितात.

मोकळा क्लोरिन दर लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम असावा. पण तो असून भागत नाहीं. क्लोरिन पाण्यांत पडला कीं त्याचें हायपोक्लोरस आम्ल होतें. जंतु मारतें तें हें. त्याचा एक जोडीदार आहे, तो हायपोक्लोराइट. मोजणींत दोघेहि सारखेच धरले जातात, पण हा कामाला फार मंद. कोण किती, हें पाण्याच्या सामूवर ठरतें. सामू साडेसात असतां दोघे निम्मेनिम्म. सातावर चारांत तीन कामकरी. आठावर चारांत एकच. पंक्तीला सारे आणि कामाला एक, हा प्रकार एकत्र कुटुंबांतील वाचकांस फोडून सांगण्याचें कारण नाहीं. म्हणून सामू ७.२ पासून ७.६ पर्यंत राखावा. सामूची ही मोजपट्टी १९०९ सालीं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत सोरेन्सन यांनीं बसविली. ती प्रयोगशाळा बीअर बनविणाऱ्यांची होती. एवढें मात्र काकूंना आम्हीं सांगितलें नाहीं.

तरीहि मूळ कोडें उरलेंच: दिवाळींतच कां? त्याचें उत्तर एका रात्रीं कागदावर साध्या गुणाकारानें निघालें. हौदाचें तोंड ५० चौरस मीटर. त्यावर वर्षाचे चार मीटर पाऊस पडला तर दोन लाख लिटर पाणी आभाळांतून थेट हौदांत येतें, म्हणजे हौदाच्या तिपटीहून अधिक. जोराच्या एका दिवसांत २०० मिलिमीटर पडला तर दहा हजार लिटर, हौदाचा सहावा हिस्सा. जेवढें येतें तेवढेंच कांठावरून वाहून जातें, आणि जातांना पाण्यांत विरघळलेलें सारें घेऊन जातें. पाणी नीट मिसळून वाहतें असें धरलें, तर जूनमध्यें पाण्यांत जें कांहीं होतें त्याचे सप्टेंबरअखेर शेंकडा तीन-चार भागच उरतात. मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांस जो पाऊस पाहून हर्ष होतो, तो आमच्या हौदाला दरसाल असा धुऊन नेत होता.

त्या वाहून जाणाऱ्या वस्तूंत एक महत्त्वाची आहे, ती सायन्युरिक आम्ल. मे महिन्यांत ज्या पांढऱ्या गोळ्या वापरतात त्यांत क्लोरिनबरोबर हें आम्ल बांधलेलें असतें, आणि तें क्लोरिनवर छत्रीसारखें राहतें. छत्री नसेल तर सूर्यप्रकाशांत क्लोरिन तासाभरांत निम्मा होतो आणि दुपारपर्यंत जवळजवळ संपतो. आमच्याकडे गोळ्या जूनमध्यें बंद होत. पाऊस छत्री धुऊन नेई. मग ऑक्टोबरचें ऊन, उघडें पाणी, आणि सकाळीं टाकलेली साधी पावडर! मामा सांगत होते तें अक्षरशः खरें होतें. पाणी ऐकत नव्हतें. जेथें पाऊस थोडा, त्या सोलापुराकडे नेमकी उलट पंचाईत. तेथें गोळ्या वापरीत गेलें कीं हें आम्ल सांठत जातें, कारण तें उडून जात नाहीं; आणि छत्र्या इतक्या दाटतात कीं क्लोरिनला हात हलवितां येत नाहीं. तेथें पाणी काढून टाकण्यावांचून दुसरा उपाय नाहीं. आमच्याकडे तो उपाय वरुणराजा फुकट करतो, आणि जरा जास्तच करतो. या आम्लाचें प्रमाण लिटरला तीस ते पन्नास मिलिग्रॅम पुरे.

दुसरी वाहून जाणारी वस्तु अल्कता. पाण्यांत सामू सांवरून धरण्याची जी शक्ति, तिचें हें नांव. ती लिटरला ऐंशीपासून एकशें वीस मिलिग्रॅम असली कीं सामू घरंदाज माणसासारखा वागतो. तीसवर आली कीं ओंजळभर ॲसिडनें खालीं आणि मूठभर सोड्यानें वर, असा त्याचा झोका सुरू होतो. पावसाच्या पाण्यांत ती जवळजवळ नसतेच. औषध मात्र ओळखीचें आहे: खाण्याचा सोडा. तिसरी वस्तु चुना. पावसाचें पाणी इतकें हलकें कीं इंजिनाच्या बाष्पपात्राला तें अमृत, कारण त्यानें पापुद्रा धरत नाहीं. पण हौदाला वैरी. स्वतःची चुन्याची भूक भागविण्यास तें लाद्यांच्या सांध्यांतील सिमेंटच खातें. आमच्या हौदाच्या सांध्यांवरून बोट फिरविलें तर वाळू हातास लागे, आणि आम्ही गवंड्याला दोष देत होतों.

काकूंच्या फडताळांत अजून निवळीच्या बिया आहेत. गढूळ पाण्यांत त्या उगाळून घातल्या कीं गाळ तळीं बसतो. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत या निवळीचाच दृष्टांत आहे: तिचें नुसतें नांव घेतल्यानें पाणी निवळत नाहीं. आमच्या पंपाच्या खोलींत सात वर्षें डब्यांवर मोठमोठीं नांवें होतीं.

२०२५ सालीं पाऊस मे अखेरीसच येऊन ठेपला. दसऱ्याच्या सुमारास आम्हीं मापें घेतलीं: अल्कता तीस, सायन्युरिक आम्ल मोजणींत येईना. मग क्रमानें आरंभ केला. प्रथम सोडा, सहा किलो, दोन दिवसांत वांटून. तें पोतें पाहून काकूंनीं "एवढ्यांत गांवजेवणाचे ढोकळे होतील" असा शेरा मारला. मग सामू. मग सायन्युरिक आम्ल, दोन किलो चारशें ग्रॅम. तें लवकर विरघळत नाहीं. कापडांत बांधून पाण्याच्या झोतासमोर कित्येक दिवस टांगावें लागतें. त्यासाठीं चक्का टांगण्याचें एक जुनें फडकें काकूंनीं दिलें आणि तें परत घरांत आणूं नये असें बजावलें. शेवटीं क्लोरिन: शेंकडा पासष्ट टक्क्यांची पावडर, रोज सुमारें एकशें ऐंशी ग्रॅम, तीहि दिवस मावळल्यावर, म्हणजे रात्रभर तिला उन्हाचा उपद्रव नाहीं.

औषधें आतां जमिनीखालीं नसतात. वर, वाऱ्याच्या पडवींत, ॲसिड एका कोपऱ्यास आणि पावडर दुसऱ्या. गोळ्या तिसऱ्याच ठिकाणीं. कारण गोळी आणि पावडर यांची कोरडी भुकटी सुद्धां एकत्र झाली तर पेट घेऊं शकते. तीन बादल्या तीन रंगांच्या, आणि तांबड्या बादलींत ॲसिडखेरीज कांहीं जात नाहीं. बादलींत आधीं पाणी, मग त्यांत ॲसिड. उलट कधींच नाहीं. सारें मराठींत मोठ्या अक्षरांनीं लिहून भिंतीवर लावलें आहे. तो मजकूर मामांनीं स्वतः सांगितला आणि पुतण्यानें लिहिला, कारण आम्हीं केलेला मसुदा मामांना कळला नव्हता.

मामांनीं एक वही ठेवली आहे. रंगांच्या पट्टीशीं तुलना करून आंकडा लिहावयाचा असतो. पण त्यांचा विश्वास स्वतःच्या डोळ्यांवर अधिक, म्हणून आंकड्यापुढें ते 'फिका कण्हेर', 'गर्द कण्हेर' असें लिहितात, आणि त्यांचा आंकडा पुतण्याच्या आंकड्याशीं सहसा जुळतो. पावसाळी हवा पडली कीं त्यांना अजून खोकला येतो. डॉक्टर म्हणतात, हळूहळू कमी होईल. ॲसिडच्या कोपऱ्याकडे ते जात नाहींत. तें काम आम्ही करतों.

या दिवाळींत पाडव्याच्या सकाळीं काकूंनीं हौदाच्या खोल टोकास एक रुपया टाकला आणि वांकून पाहिलें. छापा वर होता कीं कांटा, हें त्यांनीं चष्म्याशिवाय सांगितलें. मग नऊ वर्षांच्या नातीनें बुडी मारून तो रुपया आणला. तिची ती पहिली बुडी. त्या दिवसाची मामांची नोंद अशी आहे: "क्लोरिन ३, गर्द कण्हेर. सामू ७.४. सोडा नको. पोरं ११, समदी वर आली."